रातांब्याचं बी एकाच झाडाचं नको

मे सरत आला की कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायची धांदल उडते. आमसुलं घातली की बिया बहुतेक घरांतून उकिरड्यावर जातात. यंदा थोड्या रोपांसाठी राखा, पण सगळ्या एकाच झाडाच्या नकोत.

कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. परागण बहुधा परक्या झाडाकडून होतं, म्हणून एकाच राईत नाना तऱ्हा दिसतात. एकाची साल जाड, दुसऱ्याच्या फळात नुसत्या बिया, एखादं पिकूनही पिवळंच. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं झाड पावसाआधी पिकणारं. भिजल्या फळाची आमसुलं वाळत नाहीत, बुरशी धरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात याच गुणामुळे लोकांना आवडते.

पण या साऱ्या तऱ्हा टिकायला हव्यात, म्हणून राईतली निदान पंधरा-वीस मादी झाडं धरा, तीही लांब-लांबची. शेजारची झाडं बहुधा एकाच आईची लेकरं असतात. प्रत्येकाच्या मूठभर बिया घ्या. सगळ्यांत लगडलेल्या झाडाखालीच टोपली भरायचा मोह होतो, तो टाळा. थोडी फळं झाडावरच राहू द्या. किनाऱ्यालगतच्या राईचं बी आणि घाटपायथ्याचं बी वेगळ्या पिशवीत, नाव घालून ठेवा. रानात पुन्हा लावायचं असेल तर त्याच खोऱ्यातलं बी वापरा. वनखात्याच्या हद्दीत आधी परवानगी घ्या.

बी राखेत चोळून गर काढा, धुवा आणि सावलीत निथळू द्या. उन्हात वाळवलंत तर रुजत नाही. आठवड्याच्या आत माती भरलेल्या पिशवीत लावा.

बियांची निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. फळबागेसाठी म्हणून कलमंच बरी; दहा झाडांमागे एक नर ठेवा. कलमकाडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्या, आडव्या फांदीची घेतलीत तर झाड जमिनीलगत पसरतं. काड्याही चार-पाच मातृवृक्षांच्या असू द्या.

राहिला ‘वांझ’ म्हणून तोडला जाणारा नर. थंडीत फुलोरा आला की पाहा: नराची फुलं झुबक्याने येतात, मधोमध पुंकेसरांचा गड्डा असतो, मादीच्या फुलात हिरवा गोल गोळा दिसतो. नराच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढून ठेवा, म्हणजे सरपणाला जाणाऱ्या गड्याला कोयता कुठे लावायचा नाही ते कळेल.