लहान मुलांना घेऊन मॉरिशस : आधी किनारा ठरवा, हॉटेल मागाहून

ओळखीतलं कोणी मुलांना घेऊन मॉरिशसला निघालं की मला हॉटेलांचे फोटो येतात. स्विमिंग पूल, नाश्त्याची टेबलं, पलंगावर टॉवेलचा हंस. ‘हे कसं वाटतंय गं?’ मी उलट विचारते, हे बेटाच्या कुठल्या बाजूला आहे आणि तुम्ही जाताय कुठल्या महिन्यात? बहुतेकांना दोन्हीतलं पहिलं माहीत नसतं. पाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई एवढा लवाजमा घेऊन आम्ही जाऊन आलो. माझं मत ठाम आहे : समुद्र बरोबर निवडलात तर साधं हॉटेलही चालतं, समुद्र चुकला तर महागडं हॉटेलही मुलांच्या उपयोगाचं नाही.

मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा किनाऱ्यापासून लांब तिथेच फुटतात, आणि आत उथळ, संथ, हिरवट-निळं पाणी उरतं. त्याला सगळे लगून म्हणतात. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास. आपल्या मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत हाच फरक चार-पाच मीटर होतो, त्यामुळे अलिबाग-दापोलीला ‘भरती कधी आहे’ हे विचारूनच मुलांना पाण्यात सोडायची आपल्याला सवय. तिथे सकाळी जे पाणी गुडघ्याएवढं होतं ते दुपारीही साधारण तेवढंच असतं. लहान मुलांसाठी याहून मोठी सोय नाही.

पण ही भिंत अखंड नाही. दक्षिणेला सुयाक गावाजवळ ग्री-ग्री नावाचा किनारा आहे, तिथे भिंत तुटलेली आहे आणि समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो. बघायला जरूर जा, पण पायसुद्धा बुडवायचा नाही. पश्चिमेला तामारिनच्या खाडीतही लाटा आत येतात. ती सर्फिंगवाल्यांची जागा. बाकी ठिकाणीसुद्धा भिंतीत मधेमधे खिंडी असतात, आणि तिथून लगूनचं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. म्हणून पोहण्यासाठी बोयांनी (पाण्यावर तरंगत्या खुणांनी) आखलेली जागा असेल तर तिच्या आतच राहायचं. स्पीडबोटींना त्या जागेत येऊ देत नाहीत, हा दुसरा फायदा.

आता महिना. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, म्हणजे आपला मे हा त्यांच्या थंडीच्या तोंडावरचा महिना. आपल्याकडे अंगाची लाही होत असताना तिथे छान पंचविशीतलं तापमान असतं. साधारण जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोराचे वारे येतात आणि ते पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. बेल मारचा किनारा फोटोत सगळ्यात देखणा दिसतो, पण त्या वाऱ्यात पाण्यातून बाहेर आलेलं पोर पाच मिनिटांत कुडकुडायला लागतं. मेची सुट्टी जूनपर्यंत लांबणार असेल किंवा गणपतीच्या आगेमागे जाणार असाल तर उत्तर-पश्चिमेला राहा : त्रू-ओ-बिश, माँ श्वाझी, पेरेबेर, नाहीतर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक. दिवाळीच्या सुट्टीत वारा पडलेला असतो, पाणी कोमट व्हायला लागतं, तेव्हा पूर्वेलाही बिनधास्त जा. जानेवारी ते मार्च हे वादळांचे मुख्य महिने. तिथे चक्रीवादळाचे इशारे एक ते चार अशा वर्गांत देतात आणि वरच्या वर्गात सगळं बंद होतं. दोन पोरांना घेऊन हॉटेलच्या खोलीत शटर लावून बसायची हौस कोणाला असेल?

या सगळ्यांत माझी आवड माँ श्वाझी. लांबच लांब पांढरी वाळू, हळूहळू उतरत जाणारं पाणी आणि मागे सुरूचं बन, अगदी आपल्या कोकणातल्यासारखं. छत्रीचं भाडं वाचतं. फक्त त्या सुरूची छोटी काटेरी फळं खाली पडलेली असतात, ती अनवाणी पायाला अशी टोचतात की मोठ्यांच्याही तोंडून शिवी निघेल. झाडाखाली जाड चादर अंथरायची आणि चपला पाण्याच्या कडेलाच काढायच्या. फ्लिक-आं-फ्लाकला दुकानं, भाजी, औषधं सगळं हाताशी आहे, पण तिथे वाळूत मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात आणि पाण्यात दगडांच्या आसपास समुद्री साळिंदरं, म्हणजे सी अर्चिन, काटेरी गोळे. सासूबाई त्यांना ‘ते काळे करवंदासारखे’ म्हणायच्या.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवायची तयारी ठेवा. निघण्याआधी त्यांचा प्रवाशांसाठीचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो, प्रत्येक मुलाचाही. बाळ कितीही लहान असो, पासपोर्ट वेगळा लागतो. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट ड’ जोडायचं, आणि लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळे मोठ्या मुलाचा आधीच काढलेला असेल तर तारीख बघून घ्या. एकटी आई किंवा एकटा बाबा मुलांना नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र नोटरी करून जवळ ठेवलेलं बरं.

तिकिटातली एक मेख : दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं, पण वय प्रत्येक प्रवासाच्या दिवशी मोजतात. बाळाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या मधे येत असेल तर परतीला त्याला स्वतंत्र सीट लागते. केक समुद्रावर कापायचा बेत असेल तर हे लक्षात घेऊनच तिकीट काढा.

सामानात ताजी फळं, रोपं, बिया नकोत. उसाचा तर तुकडासुद्धा नेऊ देत नाहीत, अख्ख्या बेटावर उसाची शेती आहे, रोग येईल ही भीती. मोठ्यांच्या औषधांत झोपेची किंवा जोरदार वेदनाशामक गोळी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच, त्याबाबत ते फार कडक आहेत.

दीड तासाची गंमत

मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण घरी सहाला उठणारं मूल तिथे साडेचारला टक्क जागं होतं आणि ‘आई, समुद्र’ सुरू करतं. मे महिन्यात उजाडायला साडेसहा होतात. या दोन तासांची सोय केली नाहीत तर शेजारच्या खोलीतले लोक रुसतील. आम्ही खोलीत दूध, बिस्किटं, रंगाचे खडू आणि एक कोरी वही ठेवत होतो.

मुलांना तिथल्या वेळेवर आणायच्या भानगडीत पडू नका. उजाडल्याबरोबर पाण्यावर जायचं, साडेनऊ-दहाला परत, आंघोळ, जेवण, झोप. मग थेट साडेतीननंतर. मेमध्ये पावणेसहापर्यंत सूर्य मावळतो, सातला जेवून मुलं आठच्या आत आडवी. मधल्या कडक उन्हात किनाऱ्यावर भाजून निघणारी मोठी माणसं आम्ही गॅलरीतून बघायचो.

पाण्यात

सगळ्यात आधी रबरी तळव्याचे पाण्यातले बूट, मोठ्यांनाही. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा स्टोनफिश असतो, त्याच्यावर पाय पडला तर भयंकर वेदना होतात. तसं झालंच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा (आधी स्वतःचा हात घालून बघायचा) आणि लगेच दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेचा नंबर 114, तो फोनमध्ये उतरताक्षणी घाला. प्रवासविमा काढल्याशिवाय तर निघूच नका. परक्या देशात खासगी दवाखान्याचं बिल खिशातून भरायची वेळ येऊ नये.

पोहण्याचे कपडे भडक घ्या : केशरी, लिंबू पिवळा, चट्ट गुलाबी. निळा आणि पांढरा कपडा पाण्याखाली दिसेनासा होतो. दुकानात मासे-लाटांची नक्षी असलेले निळे सूट गोड दिसतात, ते तिथेच ठेवा. बाह्या लांब असल्या की सनस्क्रीन कमी लागतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावायचंच नाही, त्याला सावली आणि कपडे. पोहण्याचे डायपर शी अडवतात, शू नाही, हे आधी कळलेलं बरं. खोलीपासून किनाऱ्यापर्यंत ते घालून कडेवर घेऊन गेलात तर तुमचेही कपडे ओले.

दंडात घालायचे फुगे किंवा रिंग ही खेळणी आहेत, सुरक्षेचं साधन नाही. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, गप्प खाली जातं. म्हणून लहान मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, गुडघाभर पाण्यातही. आणि पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं. आमच्याकडे ‘आता तू’ असं नवरा म्हणतो, मी ‘घेतली’ म्हणते, तेव्हाच तो मान वळवतो. एका रविवारी बाजूच्या कुटुंबातल्या आजीबाईंना हे फार मजेशीर वाटलं. त्यांनी नातवंडांना आमची नक्कल करून दाखवली, आणि मग सासूबाईंच्या हातात गरम गातो पिमाँचा कागद ठेवला. ही डाळीची मिरची घातलेली भजी, म्हणजे आपली डाळवडीच. रविवारी तिथली अख्खी घरं पातेली, चुली, ढोलक्या घेऊन किनाऱ्यावर येतात, गर्दी असते पण गंमतही तेव्हाच.

त्या आजीबाईंचे पूर्वज रत्नागिरीकडचे निघाले. उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी एकोणिसाव्या शतकात इकडून बरीच मराठी माणसं तिकडे गेली, त्यांचे वंशज आज तिथली फ्रेंचवरून घडलेली क्रिओल भाषा बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सासूबाईंचं आणि त्यांचं संभाषण निम्मं हातवाऱ्यांनी आणि निम्मं देवांच्या नावांनी झालं.

खाणं

स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. तांदूळ, डाळ, दही, पीठ सुपरमार्केटात सगळं मिळतं, वरणभात वीस मिनिटांत. मेतकूट आणि तूप मात्र घरून. बाहेर मुलांसाठी ढोल पुरी हा रामबाण : डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, गोड नाही, मिळते नेहमी जोडीने. आत वालाचा रस्सा आणि टोमॅटोची रुगाय (दाटसर रस्सा) घालतात, वर तिखट चटणी. ‘सां पिमाँ’ म्हटलं की बिनमिरचीची मिळते, हे दोन शब्द पहिल्या दिवशीच पाठ करा. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या जवळपास दुप्पट आहे, पाटीवरचे आकडे बघून स्वस्ताई आहे असं समजू नका.

फिरणं

दिवसाला फार तर एक ठिकाण. पाम्प्लमूसच्या बागेतली परातीएवढी कमळाची पानं आणि ला व्हॅनील या प्राणिउद्यानातली मोठाली कासवं ही मुलांना खरंच आवडतात. कासवांना हात लावता येतो. आमच्या धाकटीने एकाच्या पाठीवर डोकं टेकवून तिथेच बसायचं ठरवलं, उठवताना रडारड. शामारेलची सात रंगांची माती मोठ्यांसाठी, मुलं दहा मिनिटांत कंटाळतात आणि नागमोडी रस्त्यात उलटी ठरलेली. इल-ओ-सेर्फ या छोट्या बेटावर स्पीडबोटीने आपटत जायचं काम मी दोन वर्षांखालच्या बाळाबरोबर करणार नाही. गंगा तलाव, तिथलं हिंदूंचं तीर्थस्थान, हा सासूबाईंचा आग्रह होता. तो बेटाच्या उंच भागात आहे, किनाऱ्यावर ऊन असलं तरी वर धुकं आणि पाऊस असू शकतो, मुलांचे स्वेटर गाडीत ठेवा. टॅक्सीत मुलांची सीट हवी असेल तर बुकिंग करतानाच मागा, आयत्या वेळी मिळत नाही. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि उत्तरेला पोचायला तासाहून जास्त लागतो, उतरल्याबरोबर पहिला राग मुलं तिथेच काढतात, खाऊ हाताशी हवा.

संध्याकाळी डासांचं मलम विसरू नका, अलीकडच्या वर्षांत तिथे डेंग्यू, चिकनगुनियाच्या साथी येऊन गेल्या आहेत.

निघायच्या दिवशी ओले कपडे वेगळ्या पिशवीत, विमानात घालायचे कोरडे कपडे आदल्या रात्रीच बाहेर. आणि बॅगा बंद करायच्या आधी मुलांचे खिसे, बूट, पेन्सिलीचा डबा सगळं उलटं करून झटका. शंख-शिंपले आणि प्रवाळ देशाबाहेर नेऊ देत नाहीत, आणि विमानतळावरच्या साहेबांना ‘पण हा माझा आहे’ हे समजावत बसायला तेव्हा वेळ नसतो.