स्नोमोबाइलचे कार्ब्युरेटर घरी साफ करताना

चोक ओढला की स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) चालू होते आणि चोक मागे घेतला की गुदमरून बंद पडते, किंवा रेस दिल्याशिवाय इंजिन तग धरत नाही पण भरपूर रेस दिली की नीट पळते, असे हंगामाच्या सुरुवातीला दिसले तर दोष बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात असतो. चोकमुळे इंजिनाला वेगळ्या वाटेने जास्तीचे पेट्रोल मिळते आणि पायलट जेटमधून न येणाऱ्या पेट्रोलची उणीव तेवढ्यापुरती भरून निघते. कार्ब्युरेटर उतरवण्यापूर्वी टाकीतले जुने पेट्रोल बदलून पाहावे आणि स्पार्क प्लग काढून तपासावेत, कारण या दोन गोष्टींना वेळ थोडा लागतो आणि कधी कधी काम तेवढ्यावरच भागते. आपली गाडी कार्ब्युरेटरवर चालते की तिला फ्युएल इंजेक्शन आहे, हेही आधी पाहून घ्यावे. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना कार्ब्युरेटर नसतोच.

स्नोमोबाइल वर्षातले सात-आठ महिने उभी असते आणि कार्ब्युरेटरचे नुकसान त्याच काळात होते. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, उरलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळसर, वार्निशसारखा चिकट थर राहतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेते, हे पाणी तळाशी साचते आणि पितळ व ॲल्युमिनियम यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खर धरते. भरपूर रेस दिल्यावर पेट्रोल पुरवणाऱ्या मुख्य जेटचे भोक मोठे असल्यामुळे ते सहसा तग धरते. पायलट जेटचे भोक मात्र साधारण अर्ध्या मिलीमीटरचे किंवा त्याहूनही बारीक असते, त्यामुळे तेच आधी बुजते.

हे काम अर्धवट करून भागत नाही, हे नवशिक्याने सुरुवातीलाच समजून घ्यायला हवे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल केवळ जळण्यासाठी नसते. आत येताना ते पिस्टनला थंडही ठेवते. एका सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत राहिली तर त्याचा पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. थंडीत हवा दाट असते, म्हणून पेट्रोलची गरज उलट वाढते. पूर्ण बुजलेल्या कार्ब्युरेटरची गाडी चालूच होत नाही, त्यामुळे ती इंजिनाचे नुकसानही करत नाही. अर्धा साफ झालेला कार्ब्युरेटर मात्र गाडी चालू देतो आणि मोकळ्या बर्फावर पूर्ण रेस दिल्यावर इंजिन खातो.

काम उजेडाच्या आणि हवेशीर जागी करावे. जवळपास शेगडी, गीझरची ज्योत किंवा ठिणगी उडवणारे कोणतेही यंत्र नसावे, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि जमिनीलगत दूरवर सरकते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत पेट्रोलला टिकणारे मोजे हवेतच, कारण कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा एका भोकात मारला की अनपेक्षित भोकातून उलटून थेट तोंडावर येतो. स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी: मिकुनीसारख्या जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, साधा फिलिप्स त्यांत पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोके खराब करतो. याशिवाय नीट बसणारे पाने, जेटच्या खाचेत घट्ट बसेल असा चपटा स्क्रू ड्रायव्हर, दाबाची हवा आणि नवी गास्केट जवळ ठेवावीत.

पेट्रोलचा कॉक बंद करून, किंवा कॉक नसेल तर नळी चिमटीत धरून, काम सुरू करावे. एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारी पेटी) सोडवला की कार्ब्युरेटरची मागची तोंडे दिसू लागतात. एकही नळी काढण्यापूर्वी प्रत्येक बाजूने फोटो काढावेत, कारण पेट्रोलच्या, हवा सोडणाऱ्या आणि काही गाड्यांत कार्ब्युरेटर गरम ठेवण्यासाठी कूलंट नेणाऱ्या नळ्या एकसारख्याच दिसतात. कार्ब्युरेटरला इंजिनाशी जोडणारे रबरी जोड याच वेळी बोटांनी वाकवून पाहावेत. त्यांत बारीक चीर असेल तर तिथून हवा शिरते आणि वर सांगितलेली पिस्टनची दुर्दशा स्वच्छ कार्ब्युरेटर असूनही होते. कार्ब्युरेटर बाहेर आल्यावर इंजिनाच्या उघड्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबून ठेवावे.

दोन सिलिंडरच्या इंजिनाला बहुधा दोन कार्ब्युरेटर असतात आणि ते दिसायला जुळे असले तरी त्यांच्यातले मुख्य जेट वेगवेगळ्या क्रमांकांचे, म्हणजे भोकाच्या वेगवेगळ्या मापांचे, असू शकतात. म्हणून एक कार्ब्युरेटर उघडून, साफ करून, पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. पहिल्याचे काही चुकले तर शेजारी न उघडलेला नमुना पाहायला मिळतो, हा यातला दुसरा फायदा.

बाजूला दोन स्क्रू दिसतात. स्प्रिंग असलेला मोठा स्क्रू सहसा आयडलचा (रेस न देता इंजिन मंद चालत ठेवण्याचा) असतो आणि तो स्लाइडला, म्हणजे रेस दिल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या सरकत्या भागाला, किंचित वर धरतो. बारीक स्क्रू पायलटच्या मार्गातली हवा ठरवतो. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हळूच आत फिरवत टेकेपर्यंत न्यावा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवावे, उदाहरणार्थ दीड फेरा. टेकल्यावर जोर लावला तर त्याचे टोक आणि आतली बैठक दोन्ही बिघडतात, आणि ती बैठक कार्ब्युरेटरच्या अंगातच कोरलेली असल्यामुळे बदलता येत नाही.

खालची वाटी सुटली की तळाला काय साचले आहे ते बारकाईने पाहावे. वाळूसारखे काळे कण असतील तर ते टाकीतून किंवा कुजलेल्या नळीतून आलेले असतात आणि नळी व फिल्टर न बदलता केलेली सफाई फार दिवस टिकत नाही. हिरवट खर असेल तर पाणी साचले होते असे समजावे. मग मुख्य जेट, पायलट जेट, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पट्टी धरून ठेवणारी पिन, फ्लोटचा व्हॉल्व्ह आणि रबरी रिंगा काढून पांढऱ्या कापडावर काढलेल्या क्रमाने मांडाव्यात. फ्लोटची पिन धरणारे खांब ओतीव आणि ठिसूळ असतात. पिन अडली असेल तर ठोकू नये, क्लीनर सोडून वाट पाहावी.

पायलट जेट खोल विहिरीसारख्या नळीत बसलेला असतो, त्यामुळे तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. मी पहिल्यांदा कार्ब्युरेटर उघडला तेव्हा वाटी आणि मुख्य जेट चकचकीत केले, पण पायलट जेट बाहेर काढलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्ब्युरेटर पुन्हा उतरवावे लागले. तो पितळेचा असतो, म्हणून खाचेत नीट न बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर खाच फाटते. बाहेर काढल्यावर तो दिव्यासमोर धरून एका डोळ्याने आरपार पाहावे. स्वच्छ जेटमधून उजेडाचा अगदी गोल, धारदार कडेचा ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा, धूसर किंवा कडेला दातेरी दिसला तर जेट अजून साफ झालेला नाही, मग त्यातून हवा जात असली तरीही. असा जेट क्लीनरमध्ये रात्रभर बुडवावा, दाबाची हवा मारावी आणि गरज पडली तर नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस किंवा विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलक्या हाताने फिरवावी. पोलादी तार, सुई किंवा ड्रिलचे पाते यांचा मोह टाळावा. भोक किंचितही मोठे झाले की जेटचा क्रमांक खोटा ठरतो. तरीही ठिपका गोल होत नसेल तर नवा जेट आणावा, झटत बसू नये.

जेट साफ झाले म्हणजे मार्ग साफ झाले असे नाही, आणि माझ्या मते या कामाचा खरा कस इथेच लागतो. पायलट जेटच्या रिकाम्या विहिरीत फवाऱ्याची नळी टेकवून क्लीनर मारावा: तो कार्ब्युरेटरच्या घशात, स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूच्या इवल्याशा भोकांतून बारीक कारंज्यासारखा बाहेर यायला हवा. मग हवेच्या स्क्रूच्या जागेतून आणि एअरबॉक्सकडच्या तोंडाशी असलेल्या लहान छिद्रांतून तसेच करावे आणि फवारा कुठून निघतो ते डोळ्यांनी पाहावे. अपेक्षित भोकाला बोट लावून सोडले की दाब जाणवतो. एखाद्या मार्गातून काहीच निघत नसेल तर कार्ब्युरेटरचे धड भिजत ठेवून तोच मार्ग दोन्ही टोकांनी आलटून पालटून मोकळा करावा. वाटीच्या एका कोपऱ्यात चोकला पेट्रोल पुरवणारी अरुंद खोबण असते आणि तिच्या तळाशी बारीक भोक असते. ते राहून गेले तर गाडी थंडीत चालूच होत नाही. क्लीनरमध्ये रबर, गास्केट आणि प्लास्टिकचे फ्लोट कधीही बुडवू नयेत, कारण ते फुगतात आणि मापात बसत नाहीत.

फ्लोटच्या व्हॉल्व्हचे निमुळते टोक नखाने चाचपावे. त्यावर गोल वळ उमटला असेल तर तो बदलावा, नाहीतर पेट्रोल थांबत नाही, वाटी भरून वाहते आणि कधी क्रँककेसमध्ये उतरते. मिकुनीच्या व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये धड उलटे धरल्यावर फ्लोटची पट्टी गास्केटच्या पृष्ठभागाला समांतर असावी; इतर जातींसाठी गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतले माप पाळावे.

जोडताना सगळे उलट्या क्रमाने जाते. पितळी जेट हाताला टेकले की किंचितच आवळावेत, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की धडच निकामी होते. स्लाइडला लटकणाऱ्या सुईवरची क्लिप काढली असेल तर ती वरून कितव्या खाचेत होती ते नोंदीवरून पाहूनच बसवावी. ती एक खाच वर सरकली तरी सुई खाली उतरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी होते. गोल स्लाइडचा खालचा कापलेला भाग एअरबॉक्सकडे यावा आणि तिची खाच आतल्या पिनेवर बसावी. स्लाइड वर करून सोडली की ती टपकन खाली पडली पाहिजे, कुठेही अडखळता कामा नये.

दोन्ही कार्ब्युरेटर गाडीवर बसल्यावर रेसचा खटका हळूहळू दाबून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते पाहावे. प्रत्येक स्लाइडखाली एकाच मापाची ड्रिलच्या पात्याची गुळगुळीत दांडी सरकवून त्यांची उंची ताडता येते. ऑइल पंपाची केबल रेसच्या केबलला जोडलेली असेल तर पंपाच्या खटक्यावरची खूण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जुळते का हेही याच वेळी तपासावे. ही खूण मागे राहिली तर इंजिनाला ऑइल कमी पडते. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून रेस दाबून सोडावी, आणि दोन्ही वेळा स्लाइड खाली टेकल्याशिवाय चावी फिरवू नये. अडकलेल्या रेसची स्नोमोबाइल चालू होताच जागा सोडून धावते.

मग पेट्रोल सुरू करून पाच-दहा मिनिटे नुसते थांबावे आणि ओव्हरफ्लोच्या नळ्यांतून थेंब पडतो का ते पाहावे. एअरबॉक्स लावल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण जेटची मापे त्याला धरूनच ठरवलेली असतात. गाडी उघड्यावर आणून चालू करावी आणि मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. इंजिन गरम झाल्यावर चोक बंद ठेवून ते शांतपणे आयडलवर टिकले, आणि रेस थोडी देताच न अडखळता उचलले, तर पायलटचे काम झाले. पहिली फेरी जवळच्या जवळ आणि मध्यम वेगाने मारून प्लग काढून पाहावेत: फिकट तपकिरी रंग ठीक, काळा व ओला म्हणजे पेट्रोल जास्त. एखादा प्लग पांढरा पडला असेल तर त्या बाजूचा कार्ब्युरेटर आणि रबरी जोड पुन्हा तपासेपर्यंत पूर्ण रेस देऊ नये.

हंगाम संपताना टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर घालून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते, आणि नंतर कॉक बंद करून दोन्ही वाट्यांचे ड्रेन स्क्रू सोडून त्या कोरड्या कराव्यात.