सावद्याहून दिल्लीला केळीची गाडी: डिझेलचा अंदाज संगणकाकडून कसा काढायचा

जहाजांच्या इंधनाचा अंदाज मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून, काढायची पद्धत आता रुळली आहे. त्यातलं बरंचसं ट्रकलाही चालतं, पण एक गोष्ट उलटी आहे. जहाजाचं रोजचं इंधन वेगाच्या साधारण घनात वाढतं, त्यामुळे तिथे सगळा खेळ वेगाचा. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेरहून केळी घेऊन निघालेल्या गाडीला सातपुडा ओलांडायचा असतो. इथे वजन आणि चढ आधी, वेग नंतर.

मॉडेलच्या (नोंदींवरून शिकून अंदाज सांगणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नादी लागण्याआधी लिटर नीट मोजा. बरेच अंदाज इथेच बिघडतात. टाकी फुल ते टाकी फुल एवढीच नोंद धरा. ड्रायव्हरने वाटेत टाकलेल्या हजार-दोन हजारांच्या डिझेलची पावती त्याच ट्रिपमध्ये मिळवा. गाडी जरा कलती उभी असली तर टाकीत हवा अडकते, नोझल आधीच बंद पडतं आणि ट्रिपचा खर्च कमी दिसतो. तेच लिटर पुढच्या ट्रिपवर चढतात. पुढे मॉडेलच्या चुका तपासताना एका ट्रिपला उणे बारा लिटर आणि लगेच पुढच्या ट्रिपला अधिक बारा लिटर दिसलं, तर दोष टाकी भरण्यात आहे. त्या दोन ट्रिपांची एकच ओळ करा.

उन्हाळ्याचंही बघा. डिझेल दर अंशाला सुमारे ०.०८ टक्के फुगतं. २०० लिटर २० अंशांनी तापलं की सव्वातीन लिटर जास्त दिसतं, म्हणून टाकी शक्यतो पहाटेच भरा. बीएस-६ गाड्यांच्या बिलात डीईएफचे (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत टाकतात त्या युरियाच्या द्रवाचे) लिटर डिझेलमध्ये मिसळले जाणार नाहीत हेही पाहा.

गाडीच्या जे१९३९ वायरिंगवरून (ट्रकमधले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांना आकडे पाठवतात ती) लिटर-प्रति-तास आकडा मिळतो (त्या आकड्याचा क्रमांक एसपीएन १८३), पण तो इंजिनाच्या कॉम्प्युटरचा हिशेब असतो, मोजलेलं डिझेल नव्हे. प्रत्येक गाडीसाठी तो पंपाच्या आकड्याशी जुळवून घ्या. दोन्हींत ३ टक्क्यांहून जास्त फरक असलेली ट्रिप शिकवायला वापरू नका. चोरी झालेल्या ट्रिपा मॉडेलला दाखवल्या तर ते चोरीलाच नेहमीचा खर्च समजेल.

आता रकाने: किलोमीटर, वजनकाट्याच्या पावतीवरचं एकूण वजन (फक्त मालाचं नव्हे), एकूण चढ मीटरमध्ये, गाडी उभी पण इंजिन चालू असलेले तास, सरासरी वेग, टायरचा प्रकार, गाडी नंबर. जाणं आणि येणं वेगळ्या ओळीत, म्हणजे परतीलाही निघण्याआधी टाकी फुल. मुंबईला जाताना भरलेली गाडी कसारा उतरते आणि येताना रिकामी चढते. दोन्ही एकत्र केले तर वजनाचा परिणाम पुसला जातो.

चढाचा रकाना सर्वांत फसवा. जीपीएसची उंची सतत थरथरते. प्रत्येक थरथर बेरजेत धरली तर जळगाव-धुळे या सपाट रस्त्यावरही शेकडो मीटर चढ निघतो. त्याऐवजी एसआरटीएम या उपग्रही उंची-नकाशाच्या ३० मीटर जाळीतून दर २०० मीटरला उंची घ्या आणि ५ मीटरपेक्षा लहान फरक सोडून द्या. आशीरगडकडे किंवा सेंधव्याच्या बिजासन घाटात रस्ता डोंगराच्या कडेने जातो, तिथे जाळीचा चौकोन कधी दरीतली उंची देतो. अशी उडी दिसली की शेजारच्या बिंदूंची सरासरी टाका. आकडा पटतो का, हे कागदावर तपासता येतं: २५ टनांची गाडी १०० मीटर चढायला २४.५ मेगाज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के आणि डिझेलची ऊर्जा लिटरला ३६ मेगाज्यूल धरली तर पावणेदोन लिटरच्या आसपास.

मॉडेलला एव्हरेज नव्हे, ट्रिपचे एकूण लिटर शिकवा. आधी साधं लिनियर रिग्रेशन लावा, म्हणजे प्रत्येक रकान्याला एक ठरावीक गुणांक देऊन बेरीज करणारं मॉडेल. चढाचा गुणांक वरच्या हिशेबाच्या जवळ आला नाही तर डेटाकडे परत जा. मग सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं हिस्टग्रेडियंटबूस्टिंगरिग्रेसर, म्हणजे लहान लहान निर्णय-झाडं एकामागून एक जोडणारं मॉडेल. त्यातल्या monotonic_cst या सेटिंगने वजन, चढ आणि किलोमीटर वाढले तर लिटर घटू नयेत असं बांधता येतं. तीनशे-चारशे ट्रिपांवर झाडं उथळ ठेवा, max_depth (झाडाची खोली) ३ किंवा ४.

तपासणीसाठी ओळी सरमिसळ करून वाटू नका. जुन्या महिन्यांवर शिकवा, शेवटच्या दोन महिन्यांवर तपासा. नवीन गाडीसाठी अंदाज हवा असेल तर गाडी नंबरचा रकाना काढून ग्रुपकेफोल्ड (एका गाडीच्या सगळ्या ट्रिपा शिकवण्याच्या किंवा तपासण्याच्या एकाच बाजूला ठेवणारी वाटणी) वापरा, नाहीतर एकाच गाडीच्या ट्रिपा दोन्हीकडे जाऊन चूक खोटीच कमी दिसेल. आणि झाडांना पाहिलेल्या वजनापलीकडचं कळत नाही. २५ टनांपर्यंतच शिकवलं असेल तर ३१ टनांच्या गाडीलाही ते २५ टनांचंच डिझेल सांगेल.

ड्रायव्हरला एकच आकडा देऊ नका. loss='quantile' लावून १० आणि ९० टक्क्यांची दोन मॉडेलं करा (एकाच्या आकड्याखाली साधारण १० टक्के ट्रिपा, दुसऱ्याच्या खाली ९० टक्के) आणि ट्रिपशीटवर "या फेरीत इतके ते इतके लिटर" असं लिहा. त्या पट्ट्याबाहेर गेलेल्या ट्रिपेत पहिली नजर टायरच्या हवेवर आणि एअर फिल्टरवर, ड्रायव्हरवर नंतर.