मीटिंगमध्ये न बोलावलेला एआय बॉट घुसतोय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग रात्री नऊला झूमवर असते, कारण त्याआधी कुणी घरीच पोचलेलं नसतं. विषय होता बिल्डिंगच्या बाहेरच्या पेंटिंगचा. कॉन्ट्रॅक्टर पहिली वीस मिनिटं होता, साडेअठरा लाखांचं कोटेशन समजावून सांगितलं, नमस्कार करून गेला. मग आम्ही आपापसात बोललो की पंधरापासून सुरुवात करू, फारच ताणलं तर पावणेसतरापर्यंत जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, माझा चहासुद्धा व्हायचा होता, त्याचा फोन. "मॅडम, पावणेसतरात करून टाकू की, उगाच घासाघीस कशाला."

मला आधी वाटलं आमच्यातलंच कुणीतरी फुटलं. मग मेल बघितला तर मीटिंग संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांना समरी गेलेली, छान मुद्दे पाडून, त्यात कमाल मर्यादा १६.७५ लाख. कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्ये कॉन्ट्रॅक्टरचाही मेल आयडी होता, घातला मीच होता, त्यामुळे त्यालाही गेली. आणि हे सगळं लिहून घेणारा बॉट, म्हणजे माणसासारखा मीटिंगला हजर होऊन नोट्स काढणारा एआय प्रोग्रॅम, आत कुणी घेतला तर तोही मीच. ज्या मेंबरचा बॉट होता तो स्वतः साताऱ्याला लग्नाला गेलेला. फोन केला तर म्हणतो, "वहिनी, मला खरंच माहीत नाही, ऑफिससाठी कधीतरी लावलं होतं ते."

त्यानंतर सेक्रेटरी म्हणून मी या प्रकरणाच्या जरा मागेच लागले. माझ्याकडून झालेल्या आणि आजूबाजूला रोज दिसणाऱ्या चुका सांगते.

लिंक लीक झाली असं समजणं

पहिली शंका हीच येते, की आपली लिंक कुणीतरी बाहेर दिली. बहुतेक वेळा तसं काहीच नसतं. ऑटर, फायरफ्लाइज, रीड एआय वगैरे जे नोटटेकर आहेत त्यांना एकदा गूगल किंवा आउटलुकचं कॅलेंडर जोडलं की ते कॅलेंडरमध्ये मीटिंगची लिंक शोधतात आणि वेळ झाली की आपोआप हजर होतात. सेटिंगमध्ये 'सगळ्या मीटिंगना जा' असं चालू असेल तर ऑफिसचा रिव्ह्यू असो, सोसायटीची मीटिंग असो नाहीतर मुलाच्या शाळेची पालकसभा, त्याला सगळं सारखंच. तो ज्याचा आहे त्या मालकाने हजर असायचीही गरज नसते कारण बॉट चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, मालकाचा लॅपटॉप बंद असला तरी तो येतो.

म्हणून पासवर्ड बदलून, नवीन लिंक काढून काही होत नाही. झूमच्या लिंकमध्ये पासकोड बहुतेक वेळा आतच घातलेला असतो, आणि नवीन लिंक तुम्ही त्याच कॅलेंडर इव्हेंटमध्ये टाकलीत की बॉटला तीही मिळाली.

'ॲडमिट ऑल' दाबणं

ही माझी चूक. नऊला दोन मिनिटं कमी, वेटिंग रूममध्ये सात नावं, एका हातात पोळी, दाबलं ॲडमिट ऑल. नावात मेंबरचं आडनाव होतं, पुढे नोटटेकर असं लिहिलेलं, पण फोनच्या स्क्रीनवर नाव अर्धवटच दिसतं त्यामुळे मला वाटलं तोच आलाय. वेटिंग रूम चालू ठेवून सगळ्यांना एका बटणात आत घ्यायचं म्हणजे वॉचमन ठेवायचा आणि गेट उघडंच टाकायचं. एकेक नाव पूर्ण वाचा आणि मगच घ्या. को-होस्ट केले असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर ठेवलेला पाहुणा दुसरा कुणीतरी सौजन्य म्हणून आत घेतो, आमच्याकडे खजिनदारांनी एकदा घेतलाच.

काढून टाकला म्हणजे विषय संपला असं समजणं

मध्येच लक्षात आलं, काढला बॉटला, छान. पण तोपर्यंतची पंधरा मिनिटं त्याच्याकडे गेलेली असतात आणि तेवढ्याची समरी तो पाठवू शकतोच. ती ज्याच्या अकाउंटमध्ये आहे त्यालाच डिलीट करावी लागते, तुमच्या हातात काही नसतं, त्यामुळे मालकाला लगेच मेसेज करा की रेकॉर्डिंग, ट्रान्सक्रिप्ट आणि समरी तिन्ही उडव आणि शेअरिंग बंद कर. उद्या सांगू म्हटलं तर मेल गेलेला असतो, माझ्याकडे पुरावा आहे.

झूममध्ये काढलेला माणूस सहसा परत येऊ शकत नाही, पण 'अलाउ रिमूव्ह्ड पार्टिसिपंट्स टू रिजॉइन' हे सेटिंग चालू असेल तर येतो. ते एकदा बघून घ्या. सगळी माणसं आली की मीटिंग लॉक करायची सोयही झूममध्ये आहे, होस्टच्या टूल्समध्येच 'लॉक मीटिंग' मिळेल. लॉक केल्यावर बॉट येत नाही, पण उशिरा येणारे आपले चेअरमनही येत नाहीत आणि मग ते ग्रुपवर चिडलेले इमोजी टाकतात, ते तुमचं तुम्ही बघा.

ॲप उडवलं आणि सुटलो

ही बॉटच्या मालकांची चूक आणि सगळ्यात चिवट. आमच्या मेंबरने फोनवरून ॲप काढलं, क्रोममधलं एक्स्टेंशन काढलं, पुढच्या मीटिंगला बॉट पुन्हा दारात. काढायचं असतं ते कॅलेंडरचं परमिशन.

क्रम असा ठेवा. आधी त्या नोटटेकरच्याच साइटवर लॉगिन करून ऑटो-जॉइन बंद करा आणि कॅलेंडर डिस्कनेक्ट करा. मग गूगल अकाउंटमध्ये जाऊन कुठल्या थर्ड-पार्टी ॲप्सना ॲक्सेस दिलाय ती यादी उघडा आणि तिथून त्याला काढा. ही यादी एकदा बघाच, त्यात २०१९ मध्ये फोटोला दाढी लावायला घेतलेलं ॲपही अजून सापडेल. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटलाही अशी यादी असते. झूमला जोडलं असेल तर झूमच्या मार्केटप्लेसमध्ये ॲडेड ॲप्समधून रिमूव्ह करा. आणि हे झाल्यावर शेवटी हवं तर अकाउंट डिलीट करा. ऑफिसचं अकाउंट असेल तर मात्र आयटीवाल्यांना सांगावं लागेल, बऱ्याच कंपन्यांत ते वरूनच लावलेलं असतं आणि तुमच्याकडून निघतच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे सोसायटीच्या, नात्यातल्या, क्लासच्या मीटिंगना ऑफिसचा मेल आयडी देऊच नका.

समरी वाचायला म्हणून साइन इन करणं

मेल येतो, अमुक मीटिंगच्या नोट्स तयार आहेत, बघायला क्लिक करा. क्लिक केलं की बऱ्याचदा गूगलने साइन इन करा म्हणतं, मग कॅलेंडरचं परमिशन मागतं, आपण न वाचता अलाउ अलाउ करत जातो आणि पुढच्या मीटिंगपासून आपलाही बॉट सुरू. आमच्याकडे त्या पेंटिंगच्या मीटिंगनंतर हेच झालं, काय लीक झालं ते बघायला दोघांनी साइन इन केलं आणि पुढच्या महिन्यात दारात तीन बॉट उभे. मीटिंगला माणसं पाच. समरी बघायचीच असेल तर मालकाला म्हणा, मजकूर कॉपी करून पाठव.

सेटिंग एकदाही न उघडणं

झूममध्ये वेटिंग रूम चालू ठेवा आणि ती सगळ्यांसाठी ठेवा. फक्त साइन इन केलेल्यांनाच प्रवेश असंही सेटिंग आहे, त्याने बिननावाने येणारे बरेच बॉट अडतात, पण ज्या काकूंकडे झूमचं अकाउंटच नाही त्याही अडतात. आमच्यासारख्या ठिकाणी त्याचा उपयोग नाही, कंपनीत आहे.

गूगल मीटमध्ये होस्ट कंट्रोल्समध्ये मीटिंग ॲक्सेस बघा. 'ओपन' असेल तर लिंक असलेला कुणीही न विचारता आत येतो, त्यात बॉटही आला. 'ट्रस्टेड' किंवा 'रिस्ट्रिक्टेड' ठेवलं की इन्व्हाइटमध्ये नसलेल्या बाहेरच्याला आत यायला विचारावं लागतं. मग विचारणाऱ्याचं नाव वाचायचं, पुन्हा तेच.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मीटिंग ऑप्शन्समध्ये लॉबी, म्हणजे तिथली वेटिंग रूम, कोण टाळू शकतं असा पर्याय असतो, तिथे 'एव्हरीवन' ठेवू नका. ॲडमिनच्या हातात अजून एक आहे, अनोळखी आणि बाहेरच्या लोकांना कॅप्चा, म्हणजे आपण माणूसच आहोत हे दाखवायची छोटी परीक्षा, लावता येतो. आयटीवाल्यांशी बोलणं होत असेल तर हे नक्की मागून घ्या.

आणि एक बिनखर्चाचा उपाय, जो आम्ही आता करतो. कॅलेंडरला फक्त तारीख आणि वेळ टाकायची, लिंक टाकायची नाही. लिंक दहा मिनिटं आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर. बॉट व्हॉट्सॲप वाचत नाही. बाहेरच्या माणसाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट, सीए कुणीही असो, त्याला वेगळी मीटिंग आणि वेगळं इन्व्हाइट. तो गेल्यावर त्याच लिंकवर रेट बोलायचे नाहीत.

मराठीत बोललो म्हणजे त्याला कळत नाही

अर्धवट खरंय. आमच्या समरीत 'थकबाकी'चं काहीतरी भलतंच झालं होतं आणि पाण्याच्या टाकीचा विषय अख्खा गायब होता. पण पैशाचं बोलताना आपण मराठी बोलतो कुठे? "मॅक्स सिक्स्टीन सेव्हन्टी फाइव्ह, त्याच्या वर नो" असं चेअरमन म्हणाले आणि नेमकं तेवढं वाक्य त्याने अचूक टिपलं.

वाईट दिसेल म्हणून गप्प बसणं

बॉट दिसतोय, सगळ्यांना दिसतोय, पण कोण बोलणार. सरळ बोला, "हा कुणाचा नोटटेकर आहे, आपण रेकॉर्डिंग ठरवलेलं नाही, काढतेय." कुणाला राग येत नाही, कारण निम्म्या वेळा मालकालाच माहीत नसतं. परदेशात मंडळाच्या मीटिंगा घेणाऱ्यांनी तर हे आणखी मनावर घ्यावं, कॅलिफोर्नियात खाजगी बोलणं रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टात ऑटरवर याच संमतीच्या मुद्द्यावरून खटला दाखल झालाय.

कुणाला ऐकायला कमी येतं म्हणून नोट्स लागत असतील तर ती वेगळी गोष्ट, त्यांच्यासाठी झूम आणि मीटमध्ये लाइव्ह कॅप्शन आहेत. आणि मिनिट्स हव्याच असतील तर झूमचं किंवा गूगलचं स्वतःचं नोट्सवालं फीचर होस्टने सगळ्यांना सांगून चालू करावं, मग निदान ते बंद करायचं बटण तरी आपल्याकडे असतं.

यादीत बॉट नाही म्हणजे रेकॉर्डिंग नाही

आता ग्रॅनोलासारखी ॲप्स आलीत, ती मीटिंगमध्ये येतच नाहीत. माणसाच्या लॅपटॉपवर बसून तिथलाच आवाज ऐकतात आणि नोट्स काढतात. त्याला वेटिंग रूम, लॉक, कॅप्चा काहीही लागू पडत नाही, कारण अडवायला दारात कुणी उभंच नसतं. सुरुवातीला सगळ्यांना विचारायचं की कुणाकडे काही चालू आहे का, चालू असेल तर बंद करा, आणि समोरचा खरं सांगतोय असं धरून चालायचं, यापलीकडे माझ्याकडे तरी उपाय नाही. कमाल किती द्यायचे हे आम्ही आता झूमवर बोलतच नाही. मीटिंग संपली की खाली पार्किंगमध्ये पाच मिनिटं भेटतो, फोन खिशात.