बुरशी धरलेली ६० मिमीची दुर्बीण

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराचं सामान निघालं होतं. काकू म्हणाल्या, "घेऊन जा रे, नाहीतर भंगारात जाईल." लाकडी पेटीत जपानी दुर्बीण: भिंग ६० मिमी, नाभीय अंतर ९०० मिमी. दीड हजार देऊन घरी आणली.

नळीत टॉर्च मारला तर भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. बडोद्याचे किती पावसाळे ती पेटीत बंद होती कोण जाणे!

पुढचं भिंग म्हणजे क्राउन आणि फ्लिंट अशा दोन वेगळ्या प्रकारच्या काचा, मधे १२० अंशांवर पातळ फॉइलचे तीन तुकडे. काचा सुट्या करण्याआधी दोन्हींच्या कडेवर पेन्सिलीने एकच तिरकी रेघ ओढा. ही खूण फार मोलाची. काच उलटी किंवा फिरून बसली तर प्रतिमा बिघडते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा थेंब, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस अजिबात न दाबता. बुरशीने कोटिंग खाल्लेले फिकट डाग राहिले, ते राहू दिले. पॉलिश करायचं नाही.

फोकसरचं, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायला पुढेमागे सरकणाऱ्या भागाचं, दगड झालेलं ग्रीस रॉकेलने काढून नवं लावलं.

पहिल्या रात्री तारा तिकोनी दिसला. भिंग धरून ठेवणारी रिंग मी फार आवळली होती, काचेवर ताण येत होता. किंचित सैल केली, भिंग जेमतेम हलेल इतकी.

मग गच्चीवरून सप्तर्षींकडे वळवली. अरुंधती बाजूला दिसतेच, पण वसिष्ठ स्वतःच दोन तारे झाला: १४ विकलांचं अंतर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), मधे स्वच्छ काळोख. काकूंना बोलावून दाखवला.