पाटावर जुळवलेला कॉम्प्युटर

माझ्या लॅपटॉपचं ५ चं बटण मेलं ते नेमकं एप्रिलात, पाच डझनी पेट्यांची बिलं करायच्या दिवसांत. दुरुस्तीला नेला तर आतल्या बोर्डावर हिरवट चढलेलं. समुद्र हाकेच्या अंतरावर. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे लॅपटॉपची काय कथा! तेव्हाच ठरवलं, आता डेस्कटॉप, आणि तोही सुटे भाग आणून आपल्या हातानं जुळवलेला. एखादा भाग खारवला तर तेवढाच बदलता येतो.

मी आंबा बागायतदारांचे हिशोब लिहिते, इंजिनिअर नाही. जुळणी एका सकाळीत झाली आणि पुढचे दोन आठवडे दुखणी काढण्यात गेले. जुळणीचे व्हिडिओ ढिगानं मिळतात, पण ते सगळे एसीच्या खोलीत, गुळगुळीत टेबलावर केलेले. देवगडच्या पडवीत काय होतं ते त्यात नसतं, म्हणून हे लिहिते.

भाग मागवायच्या आधी भिंतीतला प्लग तपासून घ्या. हे मी उलट्या क्रमानं केलं आणि शिक्षा भोगली. कॉम्प्युटर सुरू झाला, छान चालला, आणि अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या. सासूबाईंनी फडकं मारायला म्हणून हात लावला नि तो जो मागे घेतला, तो त्यानंतर त्या डब्याच्या वाटेला गेला नाही. मला वाटलं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बिघडलाय. बिघडला नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यात दोन्ही तारांपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धड असेल तर तिथून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर अख्खी बॉडी सप्लायच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, पण घामेजल्या हाताला तो लागतो.

वायरमननं मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये मात्र १४० वर नाचणारा काटा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसायला नको. आमच्याकडे नव्वदीच्या घरात. आमचं घर कातळावर. अर्थिंगचा जुना खड्डा कोळसा-मीठ घालून केलेला, पण एप्रिलपर्यंत जांभा असा वाळतो की खड्डा असून नसल्यासारखा. नवा खड्डा आम्ही न्हाणीचं पाणी माडाला जातं तिथे खणला, तिथली माती बारमाही ओली असते. मुंग्या त्याच संध्याकाळी थांबल्या. ही मोजणी स्वतः करू नका, वायरमनलाच करू द्या. आणि तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात खुपसणारे असतात, त्यांच्यात आपली गणना होऊ देऊ नका.

आता भाग. मला खेळ खेळायचे नव्हते, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. रायझेन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर घेतला. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं आणि खोक्यात पंखाही येतो. त्याला चालणारा बी५५० चा मदरबोर्ड (बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो बोर्ड), ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (विंडोज आणि फाइली राहतात ती), ४५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस आणि साधं कॅबिनेट. एकच १६ ची कांडी स्वस्त पडते, पण पोटातलं ग्राफिक्स मेमरी रॅमकडूनच उसनी घेतं, आणि दोन कांड्या असल्या की येण्याजाण्याचा रस्ता दुप्पट होतो. २०२३ मध्ये हे सगळं मॉनिटर सोडून ३१ हजारांच्या आसपास पडलं. आता रॅमचे भाव चढलेत, तेव्हा तो हिशोब आज धरू नका. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटमध्ये वाचवा, एसएमपीएसमध्ये नको. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस तर फुकटसुद्धा नको.

भाग दिरानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतले आणि तुतारी एक्स्प्रेसनं मांडीवर घेऊन आणले. कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, आणि आलं तर खोक्याचा आकार बदललेला असतो. बिलं दुकानदाराकडून मागून घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून ठेवा. वॉरंटी त्याच्यावर चालते.

जुळणीला पहाटेची वेळ धरा. दुपारी बसाल तर घाम टपकतो, आणि आपला घाम म्हणजे मिठाचं पाणीच. मी कपाळाला पंचा बांधून बसले होते. हात धुऊन कोरडे करा आणि रॅमच्या सोनेरी दात्यांना बोट लावू नका. स्थिर विजेची भीती आमच्या दमट हवेत कमी असते, तरी अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत जा.

सगळं एकदम कॅबिनेटमध्ये बसवू नका. मी पाटावर मदरबोर्डचा पुठ्ठ्याचा खोका ठेवला, त्यावर बोर्ड ठेवला आणि आधी तिथेच सुरू करून पाहिला. ह्याचा फायदा असा, की नंतर कॅबिनेटमध्ये बंद पडला तर दोष बसवण्यात आहे हे लगेच कळतं. एवढी एक गोष्ट ऐकलीत तरी अर्धी डोकेदुखी वाचेल.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दांडी वर करा, त्रिकोणाला त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो आपल्या वजनानं खाली बसतो. दाबावा लागतोय म्हणजे चुकलंय. ह्या जातीत पिना प्रोसेसरला असतात, एक वाकली की रडायची वेळ. पंख्याखाली पेस्ट कंपनीनंच लावलेली असते, बोट लावून बघू नका (मी बघितलं). पंखा बसवायच्या आधी बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. स्क्रू सुटले की मागची पत्र्याची पट्टी निसटते, म्हणून खालून हात द्या. मग पंख्याचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर.

रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. एसएसडी तिरपी घालायची, आडवी दाबायची आणि टोकाला स्क्रू. तो स्क्रू तिळाएवढा असतो, वाटीत ठेवा. माझा लादीच्या फटीत गेला होता.

एसएमपीएसच्या दोन वायरी बोर्डाला हव्यात: २४ पिनांची मोठी आणि वरच्या कोपऱ्यातली ८ पिनांची, प्रोसेसरची. ही दुसरी विसरली की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा. ग्राफिक्स कार्डाची वायरही आठच पिनांची असते. तिच्यावर ‘पीसीआय-ई’ लिहिलेलं असतं, ती इथे जोर लावून घालू नका.

कॅबिनेटचं बटण अजून जोडलेलं नाही, मग सुरू कसं करायचं? बोर्डाच्या खालच्या कडेला ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना आहेत त्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकत्र शिवायचं. मी शिवलं. पंखा फिरला. पडदा काळाच. ओटीवरून सासूबाईंनी विचारलं, “तुझो डबो पेटलो काय गो?”

पेटला नव्हता. पण आता बोर्ड बोलतो, ते बघायला शिका. बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू होणं). सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात, आणि ज्याच्यावर अडतं तो पेटून राहतो. माझा डीरॅमवर अडला. आधी दोन मिनिटं थांबले, कारण पहिल्यांदा मेमरी ओळखायला बोर्ड वेळ घेतो. मग बंद करून, प्लग काढून रॅम पाहिली. एक कांडी एका बाजूनं ‘टक’ झाली होती, दुसऱ्या बाजूनं नाही. नवी रॅम बसवायला बराच जोर लागतो, बोर्ड किंचित वाकतो आणि आपण भिऊन हात आवरतो. तिथेच चुकतं. पुन्हा बसवली आणि पडद्यावर अक्षरं आली. बूटचा दिवा तरीही पेटलेला राहील. एसएसडी कोरी आहे, तो बिचारा बरोबर सांगतोय.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांच्या पडद्यावर, तीन गोष्टी पाहिल्या: दोन्ही रॅम दिसतायत का, एसएसडी दिसतेय का, प्रोसेसर किती तापतोय. आमच्याकडे मे महिन्यात स्वस्थ बसलेला प्रोसेसर ४५-५० अंशांवर असतो, घाबरू नका. ह्याची सहनशक्ती ९५ पर्यंत आहे. पण काहीच न करता ८० दिसले तर पंखा नीट टेकलेला नाही. चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. लाइट गेल्यावर परत आली की काय करायचं, ह्याची एक सेटिंग असते. ती ‘पॉवर ऑफ’वर ठेवा. आमची लाइट परत येते ती तीन-चारदा डोळे मिचकावून येते. तेवढ्यांदा कॉम्प्युटर आपोआप उठू लागला तर एसएसडीवरची विंडोज किती दिवस टिकेल?

मग सगळं कॅबिनेटमध्ये. मागची पत्र्याची चौकट आधी बसवा, ती विसरली की सगळं पुन्हा उकलायचं. बोर्डाखालचे पितळी खुंटे भोकांच्या बरोबर खाली आहेत ना ते मोजा. एखादा जास्तीचा खुंटा बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट. पुढच्या बटणांच्या वायरी कशाही लावल्या तरी बटण चालतं, दिव्यांना मात्र उलट-सुलट असते.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ च घाला. ती घालायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. ‘हा पीसी चालणार नाही’ असं म्हटलं तर बायोसमध्ये एफटीपीएम नावाची सुरक्षेची सोय चालू करा. मी अडले ती पुढे. विंडोजला इंटरनेट हवं, माझ्या बोर्डाला वायफाय नाही आणि लॅन पोर्टचा ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्राम) विंडोजकडे नाही. मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, काम झालं. नंतर टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर ३२०० वेगाची रॅम २६६६ वर चालत होती. बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू केलं की सुटतं. पण आधी दोन दिवस तसंच वापरा, नाहीतर गडबड झाली तर कशामुळे ते कळत नाही. १६ ऐवजी १५-१४ जीबी दिसते, ती चोरी नाही. उरलेली ग्राफिक्सला राखलेली असते.

दुसऱ्या आठवड्यात नवं दुखणं: मध्येच बंद पडून आपोआप सुरू. रॅम काढून बघितली, तापमान बघितलं, बायोस अपडेट करायला निघाले होते. शेवटी निघालं काय, तर बाजारातून आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची पत्ती सैल. जरा धक्का लागला की ठिणगी. तेव्हापासून कॉम्प्युटर ६०० व्हीएच्या यूपीएसवर आणि यूपीएस थेट भिंतीत. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करायला पुष्कळ. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसच्या बॅटरीवर टाकू नका, तो तापताना जोरात खेचतो आणि दोघांनाही झोपवतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर करा.

आणि पाऊस. जुलैत नऊ दिवस मुंबईला होते, आले तर पंखे फिरतायत, पडदा काळा, डीरॅमचा दिवा. पण ह्या वेळी रॅम घट्ट बसलेली होती. काढली, सोनेरी दाते डोळ्यांसमोर धरले तर झाकोळलेले. शाळेचं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं, चुरा ब्रशनं झाडला, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून वाळू दिलं. लागली. खोडरबराला नाकं मुरडणारे आहेत. रोज करायची गोष्ट ती नव्हेच, घासून सोन्याचा मुलामा जातो. पण देवगडात जुलैच्या रात्री दुसरं काय हाताशी असतं?

त्यावर उपाय म्हणजे पावसाळ्यात रोज तासभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा. तापला की आतली ओल उडते. प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं की ओल आतच कोंडते, म्हणून घालायचंच तर सुती. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या फेकू नका, तिथून पाल आत जाते. एसएमपीएसमध्ये गेली तर तो उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज शिल्लक असते. हस्ताच्या गडगडाटात मी यूपीएसचा प्लगही काढते आणि राउटरचाही.

एक दुखणं अजून राहिलंय. पुढच्या हेडफोनच्या भोकातून बारीक गुणगुण येते. मागच्या भोकात लावलं की येत नाही. मी मागचंच वापरते.