न्यूरोस्फिअर मोजायचे असतील तर प्लेटला हात लावू नका

नवी मुंबईत रबाळे-महापेच्या एखाद्या कंपनीत किंवा खारघर-नेरुळकडच्या लॅबमध्ये न्यूरल स्टेम सेलवर (ज्यांच्यापासून मेंदूच्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) काम सुरू करणार असाल तर हे वाचून जा. या पेशी मीडियात तरंगत वाढताना त्यांचे जे गोळे होतात, तेच न्यूरोस्फिअर. हूड (जंतुविरहित हवेचं कपाट), पासेज (वाढलेल्या पेशी सुट्या करून नव्या प्लेटमध्ये टाकणं), पेशी मोजणं तुम्हाला येतं असं धरून चाललोय.

मीडियाचं, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचं, आधी उरकू. डीएमईएम-एफ१२, व्हिटॅमिन ए नसलेलं बी२७ हे पूरक मिश्रण (50 ला 1), ईजीएफ आणि बीएफजीएफ हे वाढीचे फॅक्टर प्रत्येकी 20 नॅनोग्रॅम प्रति मिली, हेपॅरिन 2 मायक्रोग्रॅम प्रति मिली. सीरम अजिबात नको, त्यानं पेशी तळाला चिकटून अ‍ॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) व्हायला लागतात. बीएफजीएफ 37 अंशांवर दिवसभरात बराचसा निकामी होतो, म्हणून एक दिवसाआड ताजा घाला. मीडिया अजून गुलाबी दिसतोय म्हणून चालढकल करू नका, रंगावरून फॅक्टर उरलाय का ते कळत नाही.

गोळे 100 ते 150 मायक्रॉनचे झाले की पासेज करा. मध्यभाग काळा दिसला तर उशीर झालाय, आतल्या पेशी मेल्यात. अ‍ॅक्युटेज (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) पाच मिनिटं, मग फेस न आणता हलक्या हातानं पिपेटिंग. सेंट्रिफ्यूज 100 जी (गुरुत्वाच्या शंभरपट). आरपीएम (मिनिटाला फेरे) कोणाच्या वहीतून उतरवू नका, प्रत्येक मशीनचा रोटर वेगळा असतो.

आता खरी गोम. 1992 मध्ये रेनल्ड्स आणि वाइस यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशींपासून असे गोळे वाढवून दाखवले, तेव्हापासून ‘एक गोळा म्हणजे एक स्टेम सेल’ असा हिशेब रुळला. तो हिशेब गोळा एकाच पेशीपासून वाढला असेल तरच खरा. प्रत्यक्षात पेशी एकमेकींना चिकटतात, गोळेही एकमेकांत मिसळून एक होतात. मिलीला एक लाख पेशी टाकल्या तर वाढ छान होते, पण ती संख्या मोजणीसाठी कुचकामी. दहा हजारांपर्यंत खाली आलात तरी सुटका नाही: रोज प्लेट काढून मायक्रोस्कोपखाली नेली की त्या धक्क्यानं सगळं मधोमध गोळा होतं. इन्क्युबेटरचा दरवाजा आपटला तरी तेच. मग एका प्लेटमध्ये 40 गोळे, दुसरीत 15, आणि आपण ते औषधाचा परिणाम म्हणून आलेखात मांडतो! खात्री करायचीय? हिरव्या आणि लाल फ्लुरोसंट पेशी समसमान मिसळून वाढवा. दुरंगी गोळे दिसले की चिकटाचिकटी झालीय. पक्कं उत्तर हवं असेल तर 96 वेल (छोटे खळगे) असलेल्या प्लेटमध्ये एका वेलला एकच पेशी, आणि पहिल्याच दिवशी ती एकटी आहे हे बघून नोंदवायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण दुसरा रस्ता नाही. सातव्या दिवसापर्यंत प्लेट बघावीशी वाटणारच, सगळ्यांनाच वाटतं, पण हात आवरा.

गोळ्यांऐवजी पेशी तळाला चिकटवून वाढवायच्या असतील तर तळाला आधी पॉलिऑर्निथिन आणि लॅमिनिनचा थर लावतात. पॉलिऑर्निथिन तीनदा नीट धुवा, उरलं तर विषारी ठरतं. लॅमिनिन 4 अंशांवर सावकाश वितळवा, घाईत गरम केलं तर जेल होतं. लावलेला थर सुकू द्यायचा नाही.

जीएफएपी (पेशी ओळखायचं एक प्रथिन) दिसलं म्हणून लगेच ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ लिहू नका, प्रौढ मेंदूतल्या स्टेम सेलमध्येही ते असतं. बरोबर नेस्टिन आणि सॉक्स२ ही स्टेम सेलची खूण असलेली प्रथिनंही बघा. मज्जारज्जूच्या दुरुस्तीसाठी जेल बनवणाऱ्यांनी कडकपणाही मोजावा: काही शे पास्कलच्या मऊ जेलवर न्यूरॉनकडे कल जातो, हजार पास्कलच्या वर ग्लियाकडे, म्हणजे आधार देणाऱ्या पेशींकडे. शिवाय जखमी मज्जारज्जूत सोडलेल्या पेशी बहुतेक ग्लियाच होतात, तेव्हा डिशमधले सुंदर न्यूरॉन बघून हुरळू नका.

पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत बुरशी ठरलेली. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये आणू नका.

गाईड निवडताना पेपर किती हे कमी बघा, फसलेल्या प्रयोगांच्या वह्या ते उघडपणे दाखवतात का ते बघा. आणि ‘स्टेम सेलनं पॅरालिसिस बरा’ अशी जाहिरात करणाऱ्या दवाखान्यातल्या नोकरीपासून लांब राहा. आयसीएमआर-डीबीटी या सरकारी संस्थांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे मान्य वापर सोडले तर हे उपचार मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर देता येत नाहीत. मुलाखतीत सीटीआरआयचा (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर पगार कितीही असो, उठून या.